ग्रामपंचायतीला उभी राहिले: ११ डिसेंबर ते १० फेब्रुवारी

काल तहसीलमध्ये निवडणूक खर्चाचा हिशोब दिला, पोच घेतली आणि दोन महिन्यांचं हे प्रकरण एकदाचं संपलं. मी निवडून आले नाही, हे आधीच सांगते. पण फॉर्म भरायच्या आधी मी चार जणींना विचारलं होतं की नेमकं काय काय लागतं, आणि चौघींचं उत्तर एकच होतं, "आमचे हेच बघायचे सगळं." म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवते.

गाव बीड जिल्ह्यातलं, बालाघाटच्या डोंगराखालचं. नऊ सदस्यांची ग्रामपंचायत, तीन प्रभाग, प्रत्येक प्रभागात तीन जागा. आमच्या प्रभागातली एक जागा नागरिकांचा मागास प्रवर्ग (ओबीसी) महिला अशी सुटली होती. बचत गटाचा हिशोब सात वर्षं माझ्याकडे आहे, त्यामुळे घराघरात ओळख होती. ११ डिसेंबर २०२० ला राज्यातल्या १४,२३४ ग्रामपंचायतींचा कार्यक्रम जाहीर झाला. त्याच रात्री पॅनेलची माणसं घरी आली. ह्यांनी मला आत येऊन सांगितलं, "तुझं तू ठरव." मी रात्रभर विचार केला आणि सकाळी हो म्हणाले.

पहिली अडचण जातीच्या दाखल्याची. दाखला होता, पण माहेरच्या नावाचा, आणि पडताळणी कधीच केली नव्हती. राखीव जागेवर उभं राहायचं तर निदान पडताळणी समितीकडे अर्ज केल्याची पोच लागते. त्या निवडणुकीत निवडून आल्यावर बारा महिन्यांत वैधता प्रमाणपत्र द्यायचं होतं. अर्ज करायचा म्हणजे पुरावे वडिलांकडचे, सासरचा एकही कागद चालत नाही. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा हवा.

१४ डिसेंबरला पहाटेची एसटी धरून माहेरी गेले. वडील जाऊन सहा वर्षं झाली. त्यांच्या शाळेत गेले तर गुरुजी म्हणाले, जुनी रजिस्टरं खोलीत आहेत, शोधू. दोन तास आम्ही दोघं फडकं घेऊन गठ्ठे उलगडत बसलो. शेवटी १९५९ सालचं दाखल-खारीज रजिस्टर निघालं. कोपरे वाळवीने खाल्लेले, पण वडिलांची ओळ शाबूत. निळ्या-काळ्या शाईत त्यांचं नाव, आजोबांचं नाव, जात, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचं कारण: 'घरकाम'. ते वाचून मला पुढचं काही दिसेना. गुरुजींनी उतारा लिहून शिक्का मारून दिला आणि पाणी आणून दिलं.

वंशावळीचं शपथपत्र, भावाचा दाखला, उतारा असं जोडून १८ तारखेला अर्ज दिला. पोच लगेच मिळाली नाही. "सोमवारी या" असं सांगितलं. सोमवारी गेले तर "साहेब मीटिंगला". ती २२ तारखेला हातात पडली. तीन खेपांचं एसटी भाडं, झेरॉक्स, शपथपत्रं मिळून २,६०० रुपये गेले. बायांनो, निवडणूक असो-नसो, लग्नाआधी किंवा लेकरं लहान असतानाच ही पडताळणी करून ठेवा. त्याच वेळी मी आणखी एक शपथपत्र करून घेतलं: माहेरचं नाव आणि सासरचं नाव ही एकाच व्यक्तीची नावं आहेत, सोबत विवाह नोंदणीचा दाखला. हा कागद पुढे कामी आला.

अर्ज भरायची मुदत २३ ते ३० डिसेंबर. ऐकायला आठ दिवस वाटतात, पण २५, २६, २७ सुट्टी. म्हणजे हातात पाचच दिवस. त्यात गोळा करायचं ते असं: घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची पावती आणि थकबाकी नसल्याचा दाखला, घरी शौचालय आहे आणि वापरतो याचा दाखला, १२ सप्टेंबर २००१ नंतर दोनपेक्षा जास्त अपत्यं नाहीत याचं घोषणापत्र, मालमत्ता आणि कर्जाचं घोषणापत्र, गुन्हा दाखल नसल्याचं, ग्रामपंचायतीचं कंत्राट नसल्याचं. शिवाय निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं. १९९५ नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट होती, ती मला लागू नव्हती.

आमच्या ग्रामसेवकांकडे तीन गावं. ते कुठल्या दिवशी कुठे सापडतील याचा अंदाज घेऊन मी २४ ला शेजारच्या गावात सकाळी आठला जाऊन बसले. आमच्या घराची १,८४० रुपये बाकी निघाली, तिथल्या तिथे भरली. बँकेत तर खातं उघडायला इतकी रांग की शाखेने टोकन द्यायला सुरुवात केली. पाचशे रुपये भरून खातं उघडलं, पासबुकची झेरॉक्स काढली.

२८ ला ऑनलाइन अर्ज भरायला तालुक्याला गेलो. त्या दिवशी सगळीकडून एकदम अर्ज येत असल्याने वेबसाइट पुढे सरकेना. सेंटरवाल्या पोराने रात्री साडेअकरापर्यंत प्रयत्न केला. एक पान जतन व्हायचं, दुसरं उडून जायचं. बाहेर ओट्यावर वीस-पंचवीस माणसं शाली पांघरून बसलेली, त्यात एक तान्ह्या लेकराची आईही होती. २९ लाही तेच. अखेर राज्य निवडणूक आयोगाने ३० तारखेला कागदी अर्ज घ्यायला परवानगी दिली, वेळही साडेपाचपर्यंत वाढवली. मी कोरा नमुना आदल्या दिवशीच आणून पेनाने भरून ठेवला होता, म्हणून निभावलं. सूचकाचा, म्हणजे आपलं नाव सुचवणाऱ्याचा, मतदार यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक दोनदा तपासा. आमच्या समोर एकाचा अर्ज तेवढ्यासाठी परत गेला. राखीव जागेची अनामत तेव्हा शंभर रुपये होती, सर्वसाधारणला पाचशे. पावती जपून ठेवा.

३१ ला छाननी. माझ्या अर्जावर हरकत आली: मतदार यादीत एक नाव, जातीच्या दाखल्यावर दुसरं. हरकत घेणारी माझीच चुलत जाऊ, कारण समोरच्या पॅनेलने तिला उभं केलं होतं. आम्ही दोघी एकाच विहिरीवर धुणं धुतलेल्या. ती माझ्याकडे बघत नव्हती, तिच्या हातातला कागद तिच्या दिराने लिहून दिलेला. मी विवाह नोंदणीचा दाखला आणि शपथपत्र पुढे केलं. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी वाचलं, हरकत फेटाळली. पाच मिनिटांचं काम, पण त्या पाच मिनिटांत माझे तळहात ओले झाले होते.

मग ४ जानेवारीपर्यंत माघारीची मुदत. हे चार दिवस मला सगळ्यात जड गेले. गाव बिनविरोध करा म्हणून बैठका सुरू झाल्या. बिनविरोध गावाला इतका निधी देतो असं काही आमदारांनी जाहीर केलेलं, ते प्रत्येक जण दाखवत होता. रात्री दहाला भावकीतली सहा माणसं आमच्या ओसरीवर. "एका घरातल्या दोघी कशाला भांडायच्या? तू मोठी, तू सोड." थोरले सासरे काहीच बोलले नाहीत. मी एवढंच म्हणाले, "दादा, दोघींपैकी कोण पाहिजे ते प्रभागातल्या बायांना ठरवू द्या." सरपंचपदाची सोडत या वेळी निवडणुकीनंतर निघणार होती, त्यामुळे सरपंच कोण होणार हे ठाऊक नसताना सगळी घासाघीस चालली होती. गावच्या शांततेसाठी बिनविरोध चांगलं, हे मलाही पटतं. पण ते ओसरीवर सहा पुरुषांनी ठरवायचं नसतं. पुढे १३ जानेवारीला नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबारमधल्या खोंडामळीच्या निवडणुका आयोगाने रद्द केल्या, कारण तिथे सरपंचपदाची बोली लागली होती. ती बातमी ऐकली तेव्हा मी माघार घेतली नाही याचं बरं वाटलं.

४ तारखेला तीननंतर चिन्हवाटप. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, आयोगाच्या मुक्त चिन्हांमधून घ्यावं लागतं. मला शिलाई मशीन मिळालं. पॅनेलच्या बाकी दोघांना गॅस सिलिंडर आणि बॅट. आमच्या जागेची मतपत्रिका फिकट पिवळ्या रंगाची, म्हणून मी सगळीकडे एकच वाक्य धरलं: "पिवळ्या कागदावर शिलाई मशीन."

५ ते १३ जानेवारी, प्रचाराला नऊ दिवस. पहिल्या दिवशी सकाळी दहाला आम्ही गल्लीत निघालो तर घरं कुलपात. जानेवारीत गाव गावात नसतं. कापसाची शेवटची वेचणी, तुरीची मळणी, उन्हाळी कांद्याची लागण, हरभऱ्याला पाणी. पत्रकं दाराच्या कडीत खोचून आलो आणि संध्याकाळी पाहिलं तर तीच पत्रकं चुलीपुढे. दुसऱ्या दिवसापासून वेळ बदलली. सकाळी सहा ते आठ घरं, मग नऊपासून शेतं, रात्री जेवणानंतर पुन्हा घरं.

एका वाफ्यावर चौदा बाया कांदा लावत होत्या. मी बांधावर उभी राहून नमस्कार केला तर एकीनेही मान वर केली नाही. लागण उक्ती घेतलेली, थांबलं की पैसे बुडाले. मग मीही चप्पल काढली, पदर खोचला, रोपांची जुडी घेतली आणि ओळीत बसले. गार चिखलात बोटं बधिर होतात, रोप खोल गेलं तर कांदा पोसत नाही, वर राहिलं तर कोलमडतं. अर्धा वाफा झाल्यावर शेजारची काकू म्हणाली, "हात बसलेला हाय की गं." मग बोलणं सुरू झालं. त्यांनी रस्ता मागितला नाही, सभामंडप मागितला नाही. टाकीचं पाणी सकाळी साडेआठला सुटतं, तेव्हा त्या शेतात असतात. घरात राहिलेली म्हातारी हंडा उचलू शकत नाही. "पान्याचा टाइम तेवढा बदला. सा वाजता सोडा." इतकंच. मला सात वर्षं गटाच्या बैठका घेऊन हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण बैठक दुपारी दोनला व्हायची आणि या बाया कधी आल्याच नव्हत्या. पुढच्या पत्रकात मी पहिली ओळ तीच छापली.

पुरुष भेटायचे तर रात्री. शेतीची थ्री फेज लाइट त्या आठवड्यात रात्रीची होती. नरभक्षक बिबट्याला १८ डिसेंबरला करमाळ्याकडे गोळी घातली होती, तरी आष्टीकडच्या मृत्यूंची भीती आमच्याकडे कुणाच्या मनातून गेली नव्हती. माणसं दोघं-दोघं जोडीने, काठी आणि बॅटरी घेऊन पाणी धरायला जायची. ह्यांनी आणि भाऊजींनी ती बाजू सांभाळली, मोटारीपाशी शेकोटीला बसून. मी दोन रात्री सोबत गेले.

आमच्या मशीनवर तीन मतं द्यायची असतात, हे समजावण्यात प्रचाराचा अर्धा वेळ गेला. एक बटण दाबून माणूस निघाला तर मतदान पूरं होत नाही. तिन्ही जागांचं बटण दाबलं की मग शेवटी लांब आवाज येतो. आम्ही दोन डमी मशीन आणल्या होत्या, अडीचशेला एक. सत्तरीच्या आज्ज्यांना पाट्यावर मशीन ठेवून तीन-तीनदा दाबायला लावलं. कुणी कुणाला मत द्यावं ते राहू द्या, पण उमेदवाराने हे शिकवणं फार गरजेचं आहे.

प्रभागात ६१२ मतदार. त्यातले १४० च्या आसपास ऊसतोडीला गेलेले. दिवाळीच्या आधीच टोळ्या निघाल्या होत्या, त्या वर्षी संपानंतर मजुरीत १४ टक्के वाढ ठरून. समोरचे त्यांना मतदानाला आणणार अशी चर्चा होती, आमच्या पॅनेलमध्येही तोच विषय. उमेदवाराने गाडी करून मतदार आणणं कायद्याने गुन्हा आहे. मी नाही म्हणाले. आमच्यातले दोघे त्यावरून रागावले, ते चूक म्हणत नाही. त्यांनाही जिंकायचं होतं.

पण न भेटता राहवेना. ८ तारखेला ह्यांच्यासोबत मोटारसायकलवर निघाले, दीडशे किलोमीटरवर आमच्या गावची मोठी टोळी होती. फडातून माणसं दुपारी चारला आली. पाचटाच्या कोप्या, बाहेर बैल, बायका वाढ्यांच्या मोळ्या बांधत होत्या. आमच्या गल्लीतली एक, वयाने माझ्याहून लहान, सहा महिन्यांची गरोदर, मोळी खाली टाकून माझ्याकडे आली. हात कोयत्याने चिरलेले, त्यावर हळद लावलेली. चहा टाकायला लागली तर मी नको म्हणाले, तिने ऐकलं नाही. म्हणाली, "ताई, यायचं मन हाय. पर एक दिवस आलं की खाडा धरतेत, दोघांचा. उचल फिटली नाही अजून." उचल म्हणजे मुकादमाकडून आधीच घेतलेले पैसे. मी तिला ये असं म्हणाले नाही. गावात काय हवं ते विचारलं. ती म्हणाली, दोन्ही लेकरं आजीपाशी आहेत, शाळा बंद आहे, मोबाइल नाही, लेकरं गुरांमागे फिरतात. त्यांना कुणीतरी रोज तासभर बसवा. परत येताना थंडीत आम्ही दोघं काही बोललो नाही.

१३ तारखेला प्रचार थांबला. त्या दिवशी भोगी, दुसऱ्या दिवशी संक्रांत. संक्रांतीला बाया ओवसायला एकमेकींच्या घरी जातातच. मी सुगड आणि तिळगुळाशिवाय काही दिलं नाही. काही घरांत त्या दिवशी वाणात स्टीलचे डबे गेले, हे मला बायांनीच सांगितलं. तक्रार करायची तर पुरावा, साक्षीदार, अर्ज सगळं लागतं, आणि घेणाऱ्या बायाही आपल्याच. मी गप्प बसले. ते बरोबर केलं का, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

१५ ला शुक्रवारी साडेसात ते साडेपाच मतदान. तोंडाला मास्क, शाळेच्या व्हरांड्यात चुन्याचे गोल. मतदान प्रतिनिधी म्हणून पुतणी बसली होती. उमेदवारांनी प्रतिनिधीचा अर्ज आदल्या दिवशीच सही करून द्यावा, सकाळी धावपळ होते. नऊच्या सुमाराला एक जीप येऊन थांबली आणि ऊसतोडीला गेलेली पंचवीस-तीस माणसं उतरली. त्यात चहा पाजणारी ती नव्हती. चुलत जाऊ गेटपाशी उभी होती. दुपारी ऊन चढल्यावर मी तिला पाण्याची बाटली दिली, तिने घेतली.

१८ ला सोमवारी तालुक्याला मोजणी. आमच्या प्रभागाचा नंबर अकराच्या पुढे लागला. मशीन उघडलं, चुलत जावेच्या नावापुढे २४३, माझ्यापुढे २२९, नोटाला २५. चौदा मतं. आकडा ऐकला तेव्हा मी वहीत लिहीत होते, लिहिणं थांबवलं नाही. बाहेर गुलाल उडत होता. एसटीत बसल्यावर रडू आलं. संध्याकाळी कोपीवरून कुणाच्या तरी मोबाइलवरून फोन आला, "ताई, काय झालं?" मी सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मी आले अस्ते तर चौदाचे तेरा तरी झाले अस्ते." मी तिला म्हटलं, तू तब्येतीला जप.

हरलेल्यांनी सगळ्यात महत्त्वाचं लक्षात ठेवायचं ते पुढचं. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावाच लागतो. नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवतात. हरलं की माणूस तिकडे फिरकत नाही, आणि पुढच्या वेळी फॉर्म भरताना कळतं. नऊ सदस्यांच्या गावाला तेव्हा खर्चाची मर्यादा २५,००० रुपये होती. माझा खर्च असा झाला: पत्रकं १,४००, दोन फलक ६००, डमी मशीन ५००, दोन दिवस रिक्षा आणि भोंगा ३,०००, कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता २,९००, पेट्रोल १,८००, मतदानाच्या दिवशीचं जेवण ६४०. एकूण १०,८४०. कागदपत्रांसाठी गेलेले पैसे वेगळे. मी बचत गटाच्या सवयीने रोज रात्री वहीत लिहीत होते, पावत्या डब्यात टाकत होते, त्यामुळे आयोगाच्या ट्रू व्होटर ॲपवर भरायला एक दुपार पुरली. ज्यांनी शेवटी आठवून लिहायला घेतलं त्यांची पंचाईत झाली.

काल टेबलावरच्या बाईंनी पावत्या मोजल्या, शिक्का मारला आणि अनामत परत मिळण्याचा अर्ज हातात दिला. खिडकीशी माझी चुलत जाऊही आली होती, तिच्या पावत्या दिराकडे राहिल्या होत्या. तिला हिशोबाचा नमुना कळत नव्हता. आम्ही बाकावर बसलो, मी माझी वही तिच्या मांडीवर ठेवली आणि रकाने समजावून सांगितले. मग पाण्याच्या वेळेचं बोलले. ती म्हणाली, "पहिल्या मीटिंगला काढते. पर अर्ज तू लिहून दे." एसटी यायला वेळ होता, तिथेच लिहिला. खाली चौदा कांदा लावणाऱ्या बायांच्या सह्या आणि अंगठे उद्या सकाळी वाफ्यावर जाऊन घ्यायचे आहेत.